घरघर न करणारा पॉवर सप्लाय

काकांच्या व्हॉल्व्हवाल्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरमधून गाण्याबरोबर घरघर यायची. दोष सगळा पॉवर सप्लायचा. तो सुधारायला काका वीज साठवणारे कपॅसिटर जोडत गेले. टेबल भरलं, मग पलंगाखालची जागाही भरली. शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, "आज हे धूड घरघरलं, तर उद्या भंगारात. तुम्हीही सोबत गेलात तरी चालेल."

सकाळपासून तापत ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला काकांनी सेलवरचा टेपरेकॉर्डर जोडला आणि जीव मुठीत धरून बटण दाबलं. घरघरीचा मागमूस नाही! गाण्याआधी गायिकेनं घेतलेला श्वास तर खोलीतच कुणीतरी घेतल्यासारखा वाटला. काकांच्या अंगावर काटा आला.

"ऐकलंस? गेली घरघर!"

"जाणारच," हातात इस्त्री घेऊन काकू दारात उभ्या होत्या. "इस्त्री लावायला मघाशीच तुमचा प्लग काढलाय मी."

दोघांनी एकदम भिंतीकडे पाहिलं. प्लग खरंच जमिनीवर पडला होता. काचेतले व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे फुललेले होते आणि गाणं दुसऱ्या कडव्यात शिरलं होतं.

काका काहीतरी बोलणार, तोच काकूंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू," त्या कुजबुजल्या, "त्याला अजून कळलेलं नाहीये."