आडोसा

भूकंपानंतर लेओगान गावच्या मैदानात शेकडो कुटुंबं ताडपत्रीखाली राहत होती. संडासाच्या खड्ड्याला आडोसा नव्हता, म्हणून बायका अंधार पडेपर्यंत कळ दाबून बसायच्या. त्यांच्यातल्याच क्लोतिल्दने चर्चच्या मदतसमितीकडे आडोशासाठी चारदा फक्त फळ्या मागितल्या. अखेर पास्टर ट्रक घेऊन आले. लाकडी खोक्यांतून निघाले लोकरीचे कोट. "देणाऱ्यांना फोटो पाठवायचाय, मादाम. कोट घालून उभ्या राहा." "या उन्हात? तुम्हीच घाला, पास्टर," ती वैतागून म्हणाली आणि पहारीने खोक्यांच्या फळ्या उचकटू लागली. "अहो, खोकी परत द्यायचीत." "हे या बायकांना सांगा. सकाळपासून ताटकळल्यात सगळ्या." पास्टरांनी बायकांकडे पाहिलं आणि हातोडी घेतली. दुपारी आडोसा उभा राहिला. पहिली आत गेली म्हातारी सिलफीज. ती बराच वेळ बाहेर आली नाही, आणि कुणीही तिला घाई केली नाही.