टब रिकामा नाही

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात घरोघरी असतो तसा ख्रिसमससाठी आणलेला जिवंत कार्प मासा रादिमच्याही टबात तीन दिवस पोहत होता. लकवा झालेल्या आईला त्याने सांगून टाकलं होतं, "टब रिकामा नाही. मासा कापला की मग तुझी आंघोळ."

आज त्याच्या पाळीव अजगरिणीची, झोफ्काची, कात शेपटीला अडकली. ती कोमट पाण्यात भिजून सुटावी म्हणून रादिमने मासा बादलीत टाकला, टब घासला, थर्मामीटरने तीस अंश बघून तिच्या पोटापुरतंच पाणी भरलं आणि तिला अलगद आत सोडलं.

"थाट बघा राणीसाहेबांचा!" आई चाकाच्या खुर्चीतून दाराशी आली होती.

"गार पाणी सोसत नाही गं तिला."

आईची नजर बादलीवर गेली. रादिमने ती पायानेच मागे सरकवली.

"राहू दे रे," आई म्हणाली. "मासा बादलीतही राहतो म्हणायचा."