शिल्लक शब्द

खोलीत खुर्च्या तीन, माणसं तीन, आणि म्हाताऱ्या कोशकारांच्या तोंडात शब्द एक: बोर्ड. अर्धांगाच्या झटक्यात बाकीचे सगळे गेले.

इंग्रजी-मराठी कोशाचं काम करताना ते याच शब्दावर अडून बसले होते. मूळ अर्थ फळी. फळीवरून टेबल, टेबलावरून जेवण, टेबलाभोवती बसणारं मंडळ. जहाजाची कड हा अर्थ मात्र वेगळ्याच मुळातून आलेला. उगम दोन, अर्थ एकोणतीस.

"तेव्हा वैताग यायचा," त्यांची बायको म्हणाली. "पानावर बसले तरी तेच. आता बघ, एवढ्याशा शब्दात संसार उरकतात."

स्पीच थेरपिस्ट हसली नाही. मुलाला वडिलांना संस्थेत ठेवायचं होतं. बोलणंच उरलं नाही, तर घर काय नि संस्था काय, असं तो म्हणत होता. आई म्हणत होती, हे माझ्याशी बोलतात, दर वेळी सूर वेगळा असतो. थेरपिस्टच्या अहवालावर ठरणार होतं.

"काकू, भिंतीकडे तोंड करून बसा. सकाळी काकांचा आवाज फोनवर घेतलाय. बारा वेळा ऐकवते. काय म्हणतायत ते सांगायचं."

"ह्या वयात परीक्षा घे माझी," म्हणत काकूंनी खुर्ची वळवली.

"बोर्ड."

"पाणी हवंय. कोमट."

"बोर्ड."

"खिडकी लाव म्हणतायत."

"बोर्ड."

काकूंनी मान तिरकी केली. "पाठ दुखते का, विचारतायत. माझी."

त्यांच्या मागे कोशकार ओठ मिटून बसले होते. आवाज आपला आहे हे कळल्याची खूण चेहऱ्यावर नव्हती. पण काकूंचं उत्तर आलं की ते सावकाश होकारार्थी मान हलवत. काकूंना ते दिसत नव्हतं.

बाराव्या वेळी काकूंनी पदर सावरला.

"हे नाही सांगणार," त्या हळूच म्हणाल्या. "हे आमच्या दोघांतलं आहे."

कोशकारांनी मान हलवली.

"किती बरोबर आले गं?"

थेरपिस्टने फोन पालथा ठेवला. त्यात ध्वनिमुद्रण एकच होतं, सकाळी कोशकारांना चावीचं चित्र दाखवलं तेव्हाचं. बाराही वेळा तेच वाजलं होतं.

"लिहून देते, काकू," ती म्हणाली, आणि तिने अहवालाचा कागद पुढे ओढून लिहिलं:

ध्वनिमुद्रण एक. सांगितलेले अर्थ अकरा, न सांगितलेला एक. होकार बारा.