देवाला मध्ये आणू नका

"देवाची शपथ मी घेणार नाही," शिंपीमामा पुन्हा म्हणाला, आणि वकीलबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

कोर्टाबाहेरच्या बाकावर मामाची थोरली बहीण रडकुंडीला आली होती. तिच्या मुलावर गोदाम पेटवल्याचा आरोप होता. आत झोपलेला पहारेकरी भाजून मेला होता. आग लागली त्या संध्याकाळी भाचा आपल्या दुकानात काजं करत बसला होता, असं सांगणारा मामा हा एकमेव साक्षीदार.

"अहो मामा, टाका घालताना देव, दोरा तोडताना देव! सुई हरवली तरी त्यालाच हाक. आणि आज नेमकं तोंडाला कुलूप?" वकीलबाई म्हणाल्या.

"घरातला देव घरात. कोर्टकचेरीत कशाला ओढायचा त्याला?"

"सगळे ओढतात!"

"म्हणून तर दमलाय बिचारा."

"अरे, हट्ट सोड," बहीण कळवळली. "इथे माझे देव पाण्यात आणि तुला तत्त्वज्ञान सुचतंय!"

तेवढ्यात पुकारा झाला.

कारकुनाने शपथेचे शब्द म्हणायला सुरुवात केली. मामाने हाताने त्याला थांबवलं. "देवाचं नाव वगळा. बाकीचं म्हणतो."

सरकारी वकील खुदकन हसले. "काल भक्त, आज नास्तिक?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वकीलबाईंना झालं. न्यायाधीशांनी कारण विचारलं.

"साहेब, त्याच्याशी माझं रोजचं बोलणं आहे. चारचौघांत त्याला मध्ये आणू नका."

न्यायाधीशांनी कारकुनाला खूण केली. "ठीक आहे. साधी प्रतिज्ञा घ्या."

मामाने ती घेतली. मग सरळ टाक्यासारखी साक्ष दिली. दिवेलागणीपासून दुकानाची फळी लागेपर्यंत भाचा समोर होता. उलटतपासणीत एक धागा सुटला नाही.

निकाल देताना न्यायाधीश म्हणाले, शपथेच्या एका शब्दालाही जो इतका जपतो, त्याच्यावर अविश्वास ठेवायला जागा नाही.

भाचा सुटला.

"जिंकलो, मामा! पण माझा जीव टांगणीला लावलात हो," म्हणत वकीलबाई पायऱ्या उतरून गेल्या. भाच्याने मिठी मारायला हात पसरले. मामाने ते हलकेच खाली केले, बहिणीला खांबाआड नेलं आणि आवाज उतरवून विचारलं,

"ताई, आता तरी खरं सांग. त्या संध्याकाळी तुझा पोरगा होता कुठे?"