फायनल कुणी नेली?

“काका, खाली उतरा. फायनल गेली.”

रंगारी शिडीवर होता. मैदानाच्या भिंतीवर ‘माननीय अध्यक्षांचे हार्दिक स्वागत’ एवढं त्याने नुकतंच रंगवून संपवलं होतं. ज्याचा गळा धरायचा त्याचंच स्वागत रंगवताना त्याने दात इतके आवळले होते की जबडा दुखत होता.

“गेली म्हणजे?”

“परदेशात. संघ दोन्ही आपलेच, पण खेळणार समुद्रापलीकडे. तिकडून बक्कळ पैसा मिळतोय म्हणे.” मैदानाचा कारकून जरा घुटमळला. “सगळी बोलणी तुमच्या सूनबाईंनी केली.”

रंगाऱ्याने ब्रश डब्यात टाकला आणि तो उतरला.

आठ वर्षांपूर्वी याच मैदानाचा एक स्टँड सामना चालू असताना कोसळला होता. बांधकाम क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याचं. इंजिनियर नको नको म्हणत असताना दारं उघडायला लावली ती अध्यक्षांनी. अकरा माणसं गेली. दोघं पाहुण्या संघामागून आलेले परदेशी होते, आणि एक रंगाऱ्याचा मुलगा. चौकशी बसली आणि बसूनच राहिली. अध्यक्ष मात्र पुन्हा निवडून आले. या मैदानाकडे ते त्यानंतर फिरकले नाहीत.

यंदा नवा स्टँड उभा राहिला आणि कपाची फायनल इथे ठरली. आता त्यांना यावंच लागणार होतं, फाटकापासून कपापर्यंत चालत. रंगाऱ्याने काळ्या ऑइलपेंटचा डबा वेगळा काढून ठेवला होता. कॅमेऱ्यांसमोर त्या माणसाच्या तोंडाला काळं फासायचं आणि मुलाचं नाव घेऊन ओरडायचं. मग जेल तर जेल. हा बेत त्याने न्हाव्याला, शेजाऱ्यांना आणि दोन अनोळखी गिऱ्हाइकांनाही सांगून झाला होता. त्याच्या पोटात काही म्हणता काही राहत नसे.

आणि आता ऐन वेळी त्याच्याच घरातल्या बाईने त्याच्या हातातला घास काढून घेतला होता.

नवरा गेल्यावर दोन वर्षांनी सुनेने त्याच अध्यक्षांच्या ऑफिसात नोकरी धरली होती. होता होता ती त्यांची सेक्रेटरी झाली. अध्यक्षांनाही ते सोयीचं होतं. मृताच्या बायकोला पोटाला लावलं, हे भाषणात सांगता येई. रंगाऱ्याने त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं. घर एकच, त्यामुळे सगळा कारभार बायकोमार्फत चाले. “तिला सांग, नळ बंद कर,” तो म्हणे, आणि सून त्याच्या शेजारीच उभी असे.

बातमी फुटली तसं शहर पेटलं. “कप आमचा, संघ आमचे, आणि आम्ही बसायचं टीव्हीपुढे?” पोरं रस्त्यावर ओरडत होती. विमानाचं भाडं कुणाच्या खिशात होतं? एकाने रंगाऱ्याच्या घरावर दगड मारला. सुनेने काचा झाडल्या, खिडकीला पुठ्ठा लावला आणि ती ऑफिसला गेली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती बॅग भरत होती. सासू पलंगाच्या कडेला बसली होती.

“ते स्वतः येतायत का गं? विमानात पोट ढवळतं म्हणून दर वेळी उपाध्यक्षांना पाठवतात ना?”

“या वेळी येतायत. कप त्यांच्याच हातून द्यायचा, अशी अटच आहे तिकडच्यांची. सत्कारही ठेवलाय मोठा.” सुनेने कोटाची घडी बॅगेत ठेवली. “धास्ती होती त्यांना. मी काढली.”

रंगारी दारात उभा होता. एवढं मात्र त्याला सोसलं नाही. ज्याने नवरा मारला त्याची धास्ती ही काढते!

तो आत गेला आणि डबा घेऊन आला. झाकण उघडून पाचही बोटं बुडवली आणि तिच्या कपाळावरून गालापर्यंत ओढली.

“हे त्याच्यासाठी होतं,” इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो थेट तिच्याशी बोलत होता. “आता तूच घे. माझ्या पोराला विकून खाल्लंस तू!”

“अहो, वेड लागलं का तुम्हाला?” सासू ओरडली.

सून जागची हलली नाही. पापणीवरून रंग ओघळत होता. तिचे ओठ हलले; काहीतरी सांगणार असं वाटलं. मग तिने सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि शब्द गिळले.

“आई, टर्पेंटाइन द्या,” ती म्हणाली. “सकाळी विमान आहे.”

“तिकडेच मर,” रंगारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टीव्ही बायकोने लावला. तो हट्टाने पाठ करून बसला. परदेशातल्या विमानतळावरचं स्वागत थेट दाखवत होते. अध्यक्ष कप छातीशी धरून विमानातून उतरले आणि कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी हात हलवला. गणवेशातली चार माणसं पुढे आली. अध्यक्षांनी हसून हात पुढे केला. तो कुणी हातात घेतला नाही. एकाने कप काढून बाजूला ठेवला, दुसऱ्याने त्यांच्या हातांत बेड्या अडकवल्या.

“अहो, इकडे वळा!” बायको किंचाळली. “वळा आधी!”

निवेदकाची जीभ अडखळत होती. स्टँडखाली मेलेले ते दोघं याच देशाचे... इथल्या कोर्टाने सात वर्षांपूर्वीच वॉरंट काढलं होतं... पण अध्यक्षांनी इथे कधी पाऊलच ठेवलं नव्हतं...

पडद्यावर अध्यक्ष मान वळवून सेक्रेटरीला शोधत होते. “अहो, सांगा ना यांना काहीतरी! तुम्ही म्हणाला होतात प्रकरण मिटलंय! सांगा!”

सून गर्दीतून पुढे आली. अधिकाऱ्याने अध्यक्षांकडे बोट करून तिला विचारलं, तुम्ही आणणार होतात ते हेच का?

“हेच,” ती म्हणाली.