कोंबडीखालचा माळढोक

बहात्तरच्या दुष्काळी कामात कर्जतच्या माळावर चर खणताना गोजरबाईला माळढोकाचं अंडं दिसलं. मादी कुदळींच्या आवाजाने उडून गेली होती. "मावशे, आज कालवणाची सोय झाली!" मुकादम हसला. "वर्साला येकच घालती ती. म्या न्हाई खानार," म्हणत तिने अंडं ओच्यात घेतलं आणि घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवलं. पंधरवड्यात पिलू निघालं. कोंबडी रेशनच्या कण्या टिपून त्याच्यापुढे टाकी. पिलू कण्यांकडे बघेना, तिच्या चोचीलाच चोच लावी. "दुस्काळात नखरं बगा, आत्याबाई!" सून म्हणाली. चौथ्या दिवशी पिलाची मान कलली, तेव्हा गोजरबाईच्या ध्यानात आलं, याला आई भरवत असणार. तिने नाकतोडा पकडून दोन बोटांत धरला, पिलाच्या चोचीशी नेला. चोच उघडली नाही; पिलू गार पडलं होतं. कोंबडीने बोटांतला नाकतोडा टिपला, पिलापुढे टाकला आणि नेहमीसारखी त्याला खायला बोलावू लागली.