भरलेली गव्हाण

उजाडायच्या आत जीवनरावांनी जांभळी मेणबत्ती पेटवली, चष्मा पुसला आणि पवित्र शास्त्र उघडले. स्वयंपाकघरात जयवंताबाईंनी गॅसवर दोन भांडी चढवली. एकात साखरेचा चहा, दुसऱ्यात बिनसाखरेचा. जीवनरावांनी नाताळापर्यंत साखर सोडली होती. त्याग त्यांचा होता. जास्तीचे भांडे जयवंताबाई घासत.

नाताळाआधीचे चार आठवडे म्हणजे आगमनकाळ. प्रभू येणार, त्याच्यासाठी मन तयार करायचे. अमरावतीच्या एका महाविद्यालयात आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेले जीवनराव कोणतीही तयारी अर्धवट करत नसत. मागच्या खोलीतली पाहुण्यांची खाट भिंतीला उभी करून त्यांनी तिथे मननाची जागा केली होती. बैठकीत वडिलांच्या हातची वीतभर सागवानी गव्हाण मांडली होती. घरची जुनी रीत अशी की, या दिवसांत कोणाचे भले केले की गव्हाणीत गवताची एक काडी टाकायची. नाताळच्या रात्री त्या काड्यांवर बाळ येशूला निजवायचे. लहानपणी दोघा भावांच्या मिळून मूठभर काड्या होत आणि त्यातल्या बहुतेक थोरल्या शेषरावांच्या असत. यंदा जीवनरावांनी शेजारच्या गोठ्यातून गवताची पेंढीच आणून ठेवली होती. साखर सोडल्याची रोजची एक काडी. चहा कडू लागला तरी बोलले नाहीत, त्याची एक. जयवंताबाईंच्या टोमण्याला उत्तर दिले नाही, त्याची एक. ती तर बहुधा दोनदा पडे.

आजचे वाचन वाट सरळ करण्याविषयीचे होते. दऱ्या भरल्या जातील, डोंगर सखल होतील. डोंगर म्हणजे अहंकार, हे जीवनरावांना लगेच उमगले. रविवारी प्रार्थनागटापुढे बोलायचे होते. अहंकाराची उदाहरणे सुचायला वेळ लागला नाही; सगळी ओळखीच्या लोकांची होती.

मग त्यांना कालचा फोन आठवला आणि समाधान वाटले. फोन अकोटहून शेषरावांचा होता. कापसाच्या जिनिंगमध्ये राबून थकलेले, बायको गेल्यापासून एकटे राहणारे शेषराव. खणखणीत आवाज, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, उशाशी रेडिओ.

"जीवन, डोयाचं आपरेशन अमरावतीले ठरलं, परवाच्या दिवशी. आठ दिवस तुयाकडं राहीन म्हणतो. डोयात औषध टाकाले इथं कोणी नाही ना."

"दादा, सध्या आगमनकाळ चालू आहे," जीवनराव शांतपणे म्हणाले होते. "माझी तयारी चालू आहे. पुढची तारीख मिळते का बघ. नाताळ झाला की निवांत ये."

"बरं बाप्पा. कर तू तयारी."

आपण आवाज चढवला नाही, हे ध्यानात घेऊन जीवनरावांनी फोन ठेवल्यावर गव्हाणीत एक काडी टाकली होती.

"ऐकून राहिले काय?" बैठकीतून जयवंताबाईंची हाक आली.

त्या नाताळच्या देखाव्यातल्या मूर्ती पुसत होत्या. मेंढपाळ, मेंढ्या, मरिया, योसेफ पुसून झाले होते. हातात मातीचे बाळ होते. त्यांनी ते गव्हाणीत ठेवून पाहिले. काड्या काठावर आल्या होत्या. बाळ घरंगळले, त्यांनी ते पदरात झेलले.

"काड्या जरा दाबून बघ," जीवनराव म्हणाले.

"दाबल्या. तुमच्या पुण्यानं गव्हाण भरून गेली. आता बाळाले कुठं ठेवू?"

त्या चिडलेल्या नव्हत्या. खरेच विचारत होत्या. जीवनरावांनी गव्हाणीकडे पाहिले. मग उघड्या दारातून मागच्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या खाटेकडे पाहिले.

मग त्यांनी गव्हाण उचलली, बाहेर गेले आणि शेजारच्या गाईपुढे उपडी केली. पंधरवड्याची सत्कर्मे गाईने दोन घासांत संपवली आणि आणखी आहे का म्हणून मान वर केली.

परत येऊन त्यांनी खाट आडवी केली. गादी अंथरली. शास्त्र आणि मेणबत्ती उचलून बैठकीतल्या कोनाड्यात ठेवली.

"एकाच भांड्यात चहा कर," ते म्हणाले. "साखरेचा. मी अकोटला जाऊन येतो."

जयवंताबाईंनी दुसरे भांडे तेवढे उतरवून ठेवले.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. दर्यापूर मागे पडेपर्यंत जीवनरावांना सकाळच्या प्रसंगावर एक उत्तम मनन सुचू लागले होते. सुरुवात तर तयारही झाली. ती त्यांनी महत्प्रयासाने सोडून दिली आणि बाहेरची कपाशी बघत राहिले.

शेषराव घराच्या ओट्यावर उन्हात बसले होते. फाटक वाजले तशी त्यांनी मान वळवली आणि डोळे बारीक केले.

"कोण हाये?"

"मी. जीवन."

"तू? सांगून तर याचं." त्यांनी खर्रा थुंकला आणि तोंड पुसले. "काहून रे, झाली काय तुई तयारी?"

"नाही झाली."

एवढे बोलून जीवनराव भावाचे कपडे भरायला आत गेले. दारामागे एक पिशवी होती. गच्च भरलेली, वर घडी घातलेला दुपट्टा, बंद करकचून बांधलेले.

"कालची भरून ठेवली हाये," ओट्यावरून शेषराव म्हणाले. "सोडली नाही मी. तू येशीन म्हणून मले वाटलंच."

जीवनरावांनी पिशवी उचलली.